फर्स्ट शिफ्टचा डबा

पप्पूचा युनिफॉर्म त्याच्या आईनं, तानुबाईनं सकाळीच इस्त्री करून ठेवला. मग तो फारच कडक दिसायला लागला म्हणून हातानं चुरगाळला. तरी समाधान होईना, तेव्हा ट्रॅक्टरच्या ग्रीसमध्ये बोट बुडवून बाहीवर एक डाग पाडला आणि एक पाऊल मागं सरून बघितलं, गौरीचा मुखवटा बसवल्यावर बघतात तसं.

"जास्त झालं का गं, धनू?"

धनश्री उंबऱ्यात बसून चिऊला मऊ भात भरवत होती. पोरगी दहा महिन्यांची. घास तोंडात जायचा, तिथं जरा थांबून विचार करायचा आणि बहुतेकदा परत यायचा.

"काकू, पप्पू ब्रेकवर आहे. कधीपासून घरी लोळतोय. ग्रीस कुठून लागणार त्याला?"

"म्हणून तर लावलं."

धनश्रीला नुकतीच डॉक्टरेट मिळाली होती, पण तिनं पुढचा घास कालवायला घेतला.

ब्रेक हा शब्द निमोण्यात आता लहान पोरांनाही कळत होता. पप्पू एमआयडीसीत ज्या कंपनीत जायचा तिथं ठेकेदाराच्या पोरांना सलग वर्षभर ठेवत नसत. काही महिने झाले की गेटपास काढून घ्यायचे. मग पोरगं घरी. पुन्हा फोन आला की तीच कंपनी, तेच मशीन, नवा गेटपास. धनश्रीचा सगळा प्रबंध ह्याच्यावरच होता: काम जातं-येतं तेव्हा घरात काय होतं, कोण कुणाला काय सांगतं आणि काय सांगत नाही. मल्हारीआप्पा म्हणजे पप्पूचे वडील, तिचे चुलते. ते पारावर सांगायचे, "आमच्या पोरीनं घरी बसलेल्या मान्सांवर डॉक्टरकी केलीया," आणि पारावर बसलेली माणसं जरा सावरून बसायची.

त्या प्रबंधात पप्पूचाही हात होता. मागच्या ब्रेकमध्ये तो पुण्याला येऊन राहिला, चिऊची झोळी हलवत बसला आणि तेवढ्या वेळात धनश्रीचं शेवटचं प्रकरण लिहून झालं. चुलतभावाची नोकरी सुटली नसती तर बहिणीचा नोकरी सुटण्यावरचा अभ्यास तसाच राहिला असता. हे तिनं ऋणनिर्देशात लिहिलं नव्हतं, पण मनात लिहिलं होतं. म्हणूनच आज ती आली होती.

आज दौंडची माणसं घर बघायला येणार होती. सोनमला बघायला घरचे दौंडला जाऊन आले तेव्हा धनश्री पेपर तपासत होती, त्यामुळं तिनं कुणालाच पाहिलं नव्हतं. पप्पूनं तर तिथला चहा निवायच्या आत होकार कळवला होता. ह्याआधीची स्थळं एकाच प्रश्नावर परत गेली होती: पोरगा पर्मनंट हाय का? आता तिशी उलटली होती आणि पप्पू आरशासमोर उभा राहायचा तेव्हा केसांकडं कमी आणि कपाळाकडं जास्त बघायला लागला होता.

म्हणून बेत ठरला होता. बेत आप्पांचा होता, बारकावे तानुबाईचे. घर रस्त्याला लागून. फर्स्ट शिफ्ट दुपारी सुटली की कंपनीची बस समोरच थांबायची. पप्पूनं युनिफॉर्म घालून, डबा घेऊन, थांब्यामागच्या उसात बसायचं. बस आली की उतरणाऱ्या पोरांत मिसळायचं आणि दमल्यासारखं चालत घरात यायचं. हे स्थळ आणणाऱ्या इमाममामांचा पोरगा मुजीब त्याच बसला होता, तो पप्पूला पाठीमागून हाक मारून म्हणणार होता, "उद्या ओव्हरटाइम आहे बरं का."

"मी यात नाही," धनश्री म्हणाली.

"तुला कोण खोटं बोलाया सांगतंय?" तानुबाई म्हणाली. "नुसती गप बस. त्यांनी काय इचारलं की चिऊला पाजायला घे. पाजणाऱ्या बाईला कोण काय इचारतं?"

हे मात्र खरं होतं. गेल्या दहा महिन्यांत धनश्री ह्याच युक्तीनं दोन लग्नांतून आणि विभागाच्या एका बैठकीतून सुटली होती.

*

पाहुणे इमाममामांच्या गाडीतून आले. इमाममामा शिरूरचे. त्यांचे वडील आणि आप्पांचे वडील तात्याबा ह्यांचा बकऱ्या-मेंढरांचा व्यवहार होता. तात्याबांची मेंढरं विकली गेली, व्यवहार संपला, पण येणं-जाणं राहिलं. आणि बाजारामागं बाजार फिरणाऱ्या माणसाला कुठल्या घरात कोण लग्नाचं आहे हे आपोआप कळतं. पुढच्या सीटवरून मुलीचे वडील बिरदेव उतरले, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मागून सोनम उतरली. घर बघायला मुलगी स्वतः येते हे तानुबाईला आवडलं नव्हतं, पण मुलगी आवडली होती, त्यामुळं तिनं ते गिळलं. शेवटी पदर सावरत आई उतरली.

धनश्री पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाली होती. तिनं त्या बाईकडं पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"या, अनिताताई."

अंगणात सगळे थांबले.

"शालन," बिरदेव म्हणाले. "हिचं नाव शालन हाय."

धनश्रीनं तांब्या खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वी दौंडला, ह्याच बाईच्या ओसरीवर, ती कितीतरी दुपारी बसली होती. अभ्यासाचा नियम असा की बोलणाऱ्यांची खरी नावं कुठं लिहायची नाहीत. नवीन नाव ज्याचं त्यानं निवडायचं. शालननं अनिता निवडलं होतं, कारण शाळेत अनिता नावाची मुलगी तिच्यापेक्षा हुशार होती. मग धनश्रीनं अनिता म्हणते, अनिताच्या मते, अनिताच्या घरी असं इतक्यांदा लिहिलं की खरं नाव पुसूनच गेलं. नवऱ्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. दुपारी तो घरी नसायचाच. तोच तर विषय होता. लेक लॅबमध्ये कामाला, तीही दुपारी बाहेर.

"माझं माहेरचं नाव," शालन घाईनं म्हणाली.

"माहेरचं बी शालनच हाय की," बिरदेव म्हणाले. "मी कुठं बदललं हुतं?"

"तुमी वळखता व्हय एकमेकीला?" तानुबाईनं दोघींकडं बघत विचारलं.

"हो," धनश्री म्हणाली आणि त्याच क्षणी शालन म्हणाली, "न्हाई."

सोनमनं हसू लपवायला ओढणी तोंडाशी नेली. इमाममामा म्हणाले, "पावणं उन्हात हायेत, नावं सावलीत ठरवू," आणि सगळ्यांना पत्र्याखाली घेऊन गेले.

*

कांदेपोहे झाले. आप्पा सुटले. घर झालं, बोअर झाली, विहिरीचं पाणी झालं.

"आन् ही आमची धनश्री. थोरल्या भावाची. युनिव्हर्सिटीत पर्मनंट प्रोफेसर."

हे धनश्रीनं कधीच सांगितलं नव्हतं. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर होती, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढेच तुमचे. उन्हाळ्यात कॉलेजही नाही आणि नोकरीही नाही, जूनला पुन्हा अर्ज. घरच्यांनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, आणि मधल्या जागेत आप्पांनी पर्मनंट प्रोफेसर बांधून ठेवली होती.

"मग तुमीच सांगा, मॅडम," बिरदेव तिच्याकडं वळले. "पोराच्या नोकरीचं कसं हाय? तुमी शिकलेल्या. तुमचा शब्द धरून चालंल."

धनश्रीनं ताबडतोब चिऊला पदराखाली घेतलं. पण चिऊचा भात झाला होता, थोडा का होईना. तिनं आईला दोन्ही पायांनी ढकललं, पदरातून डोकं बाहेर काढलं आणि बिरदेवांकडं बघून दोन दात दाखवले.

"पोरीला भूक न्हाई," बिरदेव म्हणाले.

"पाणी मिळंल का आत?" शालन उठली. तिच्या पुढ्यात पाण्याचा भरलेला पेला होता.

धनश्री चिऊला घेऊन तिच्यामागं स्वयंपाकघरात गेली. शालननं दार ओढून घेतलं.

"मॅडम, तुमी लिवलं का आमचं?"

"लिहिलं. पण तुमचं नाव अनिता."

"आन् त्यांचं?"

"अनिताचे मिस्टर."

शालननं ओट्याला हात टेकला. धनश्रीला तिची ती दुपार आठवली. कारखाना बंद पडला ते बिरदेवांनी घरी सांगितलंच नव्हतं. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळपर्यंत दौंड स्टेशनच्या बाकावर बसायचे. कधी हमाली, कधी कुणाच्या टपरीवर बदली, मिळेल ते महिन्याच्या शेवटी पगार म्हणून आणून द्यायचे. शालनला सगळं ठाऊक होतं. ती रोज डबा भरायची. 'मला म्हाईत हाय हे त्यांना म्हाईत न्हाई,' ती तेव्हा म्हणाली होती, 'आन् तुमी कुणाला सांगायचं न्हाई.' धनश्रीनं शब्द दिला होता.

"अजून जातात?" धनश्रीनं हळूच विचारलं.

"आज रजा काढलीया म्हणं," शालन म्हणाली आणि तिलाच हसू आलं. मग ते एकदम आवरून ती जवळ सरकली. "ते जाऊ द्या. माझ्या लेकीचं बघा. तिनं बी असाच डबा भरायचा का जलमभर? खरं सांगा, पोरगा पर्मनंट हाय का?"

धनश्रीला वाटलं, एवढा सोपा प्रश्न आपण कुठल्याच प्रश्नावलीत घातला नाही. बाहेर पप्पूचं लग्न बसलं होतं, आत लेकीची आई उभी होती.

"ताई, तुमचं मी कुणालाच सांगितलं नाही. मग पप्पूचं तुम्हाला कसं सांगू?"

शालननं पदर खोचला.

"म्हंजी न्हाई," ती म्हणाली.

धनश्रीनं कपाळाला हात लावला. गुपित पाळण्याची ही एक तऱ्हा संशोधनपद्धतीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

*

बेत अगदी ठरल्यासारखा झाला. बस थांबली, पोरं उतरली, धुरळा उडाला, आणि धुरळ्यातून पप्पू खांदे पाडून चालत आला. त्याच्या केसांत उसाचं एक वाळकं पान अडकलं होतं, तेवढं सोडलं तर दमलेला कामगार हुबेहूब. मुजीबनं पाठीमागून आवाज दिला, "पप्पूशेठ, उद्या ओव्हरटाइम आहे बरं का," आणि हौसेनं पुढं जोडलं, "साहेबांनी तुझंच नाव घेतलंय."

"लई राबवून घेत्यात," आप्पा समाधानानं म्हणाले. "पर्मनंट मान्सावर भार जास्त."

पप्पूनं सोनमकडं बघितलं, सोनमनं पानाकडं बघितलं. त्यानं डब्याची पिशवी बाजेवर ठेवली आणि पाहुण्यांच्या पाया पडायला वाकला.

चिऊ खाली उतरली होती. पप्पूमामाची पिशवी म्हणजे गूळ हे तिला पक्कं माहीत होतं. ती रांगत बाजेपाशी आली, धरून उभी राहिली आणि पिशवी ओढायला लागली. डबा कलंडला, तो बिरदेवांनी वरच्यावर झेलला. झेलल्यावर त्यांचा हात जरा थबकला. त्यांनी डबा मांडीवर घेतला, पोरीला म्हणाले, "थांब, काढून देतो," आणि झाकण फिरवलं.

वाफ आली.

भाकरी होती, वर लोण्याचा गोळा अर्धा वितळलेला. खालच्या पुडात भरलं वांगं, काठोकाठ. फर्स्ट शिफ्ट करून परत आलेला डबा अंगणात सगळ्यांसमोर वाफाळत होता.

आप्पांनी तानुबाईकडं पाहिलं. तानुबाईनं पदर तोंडाला लावला. धनश्रीला रडावं की हसावं कळेना. काकूनं नाटकासाठी युनिफॉर्म चुरगाळला होता, डाग पाडला होता, सगळं केलं होतं. पण डबा म्हटल्यावर हातानं तो भरला होता.

बिरदेव त्या डब्याकडं बघत होते. मग त्यांनी सावकाश झाकण परत लावलं.

"हल्ली कंपनीत गरम करून देत्यात," ते म्हणाले. "निघताना. माझ्या बी ऐकण्यात हाय."

"व्हय, व्हय," आप्पांनी मिळाला तो आधार धरला. "नवीन मशीन आलंय. पर्मनंट लोकांसाठी."

आता सोनम सरळ हसली. मोठ्यानं नाही, पण ओढणीशिवाय. आणि त्या हसण्यानं पप्पूचं जे काय व्हायचं ते झालं. तो उभा राहिला, केसांतलं पान काढून हातात धरून बिरदेवांकडं वळला.

"मामा, मी ब्रेकवर हाय. उसात बसलो हुतो."

रस्त्यावरून मुजीब अजून हात करत होता. इमाममामांनी त्याला डोळ्यांनीच पुढं घालवलं.

"धने," तानुबाईचा आवाज चढला, "तूच सांगितलंस आत जाऊन."

"त्यांनी कायबी सांगितलं न्हाई," शालन मध्ये पडली. "लई पक्क्या हायेत त्या. माझं बी कुणाला सांगितलं न्हाई त्यांनी."

"तुमचं काय?"

शालनच्या लक्षात आलं तेव्हा शब्द निघून गेला होता. बिरदेव तिच्याकडं वळले. एकदा धनश्रीकडं बघितलं, एकदा बायकोकडं.

"अनिता," ते हळूच म्हणाले. "दुपारच्याला कॉलेजच्या एक बाई यायच्या, कायतरी इचारायच्या, त्या ह्या?"

शालननं मान हलवली.

"तुला कवापासनं म्हाईत हाय?"

"पयल्याच आठवड्यात कळलं. शर्ट धुताना तेलाचा वास यायचा, तो यायचा बंद झाला."

"मग डबा का भरीत हुतीस?"

"स्टेशनवर भूक लागत न्हाई व्हय?"

बिरदेवांनी मान खाली घातली. मांडीवरचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता, कुणी काढून घेईल तसा. धनश्रीचं तर ह्या एका वाक्यावर सबंध प्रकरण होतं, तळटीपांसकट. पण ते वाक्य ज्याच्यासाठी होतं त्याला तिनं आज पहिल्यांदा पाहिलं. तिनं चिऊला उचलून छातीशी धरलं. पाजायला नाही.

"मला पण माहीत होतं, बाबा," सोनम म्हणाली. "लॅबमधून येताना एकदा पुलावरून दिसलात. कुत्र्याला भाकरी घालत होता."

"शेवटचा तुकडा त्याचा आसायचा," बिरदेव म्हणाले. "डबा रिकामा दिसाया पायजे ना घरी." मग त्यांनी तानुबाईकडं वर बघितलं, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "तुमाला एवढं बी सुचलं न्हाई, विहीणबाई?"

"शुभकामाला लेकरू घराबाहेर काढायचं आन् रिकामा डबा हातात द्यायचा?" तानुबाई चिडून म्हणाली. "मरंन पन तसं करायची न्हाई." आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला विहीणबाई म्हटलंय.

ते आप्पांच्याही लक्षात आलं. ते लगेच पुढं सरकले. "मी काय म्हणतो पावणं, आमचा तात्याबा दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कोकणात जायचा. पावसाला परत. मधी घरी कवा, बाहेर कवा. त्याला पोरगी देताना कुणी इचारलं न्हाई का पर्मनंट हाय का म्हणून."

"पण तो जातो म्हणून सांगून जायचा," सोनम म्हणाली.

आप्पा परत मागं सरकले.

सोनम धनश्रीकडं वळली. "ताई, राग मानू नका. तुम्ही आहात का पर्मनंट?"

प्रश्न मऊ होता, पण सगळ्यांच्या माना वळल्या. चिऊला अजून भूक लागलेली नव्हती.

"नाही," धनश्री म्हणाली. "तासावर आहे. जूनला बोलावलं तर पुढचं वर्ष."

"आगं, मग डॉक्टर कशाची?" तानुबाई थक्क झाली.

"याचीच, काकू."

इमाममामा इतका वेळ खांबाला टेकून होते. ते म्हणाले, "चला. बिनपर्मनंट सगळीच निघाली. आता पोरीनं काय ते बोलावं. मी दोन्हीकडनं शब्द टाकून बसलोय, मलाबी घर हाय."

सोनमनं पप्पूकडं बघितलं. तो वाळकं पान बोटावर गुंडाळत होता आणि सोडत होता.

"ब्रेक लागला की ब्रेक लागला म्हणून सांगायचं," ती म्हणाली. "त्याच दिवशी. डबा घेऊन कुठं जाऊन बसायचं नाही. ना उसात, ना स्टेशनवर."

"न्हाई बसणार."

"आणि मला कामावरून काढलं तर मी पण सांगणार. तेव्हा तोंड पाडायचं नाही."

"पयला फोन तुला," पप्पू म्हणाला. "गेटवरनंच."

"मेसेज नको."

"फोन म्हणालो की."

बिरदेवांनी डबा पुन्हा उघडला. भाकरी मोडली, एक तुकडा चिऊच्या मुठीत दिला, एक लेकीपुढं धरला. सोनमनं तो घेतला, वांग्याला लावला आणि पप्पूसमोर उभी राहूनच खाल्ला. तानुबाई घाईनं आत पळाली. कुणाला वाटलं साखर आणायला, पण ती तव्यावर आणखी भाकऱ्या टाकायला गेली होती.

*

निघताना शालननं धनश्रीला गाडीपाशी गाठलं.

"मॅडम, पुस्तक व्हणार का ह्याचं?"

"होईल कदाचित."

"मग माझं नाव बदला. अनिता आता सगळ्या निमोण्याला कळली."

"मी बी येणार का त्यात?" तानुबाईनं विचारलं. तिच्या हातात धुऊन, पुन्हा भरलेला डबा होता.

"डबा तर येणारच, काकू. तुमचं नाव काय ठेवू?"

तानुबाईनं जरा विचार केला. "रंगुबाई."

"आगं, ती माझी आई," आप्पा म्हणाले. "उभा जलम तुला घरात बोलू दिलं न्हाई तिनं."

"म्हणून तर."

बिरदेव पुढच्या सीटवर बसले होते. तानुबाईनं खिडकीतून डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो एकदा हातानं तोलला, मग धनश्रीला जवळ बोलावलं.

"माझं काय लिवलं हुतं?"

"तुमचं नावच नव्हतं. अनिताचे मिस्टर, एवढंच."

त्यांनी मान हलवली. इमाममामांनी गाडी सुरू केली. बिरदेवांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"पुस्तकात बिरदेव लिवा," ते म्हणाले. "बदलू नका."

मागच्या सीटवर शालननं पदर डोळ्यांना लावला आणि सोनम दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायला लागली, जिथं पप्पू उभा होता.

"बिरदेव," धनश्री म्हणाली. "लिहिते."